आम्ही पितो तो नळ

मी केमिस्ट आहे असं सांगितलं की लोक माझ्याकडे डोकेदुखीची गोळी मागत. दुबईतल्या आमच्या मराठी मंडळींत हा गैरसमज शेवटपर्यंत टिकला. अल कुसैसला आमच्या बिल्डिंगमध्ये मुलाकडे राहायला आलेल्या एका आजींनी तर मला तीनदा गुडघ्याचं तेल विचारलं. शेवटी कंटाळून मी एका बाटलीत तिळाचं तेल भरून दिलं. आठ दिवसांनी लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "बराच फरक आहे हो." लेबल न लावता माझ्या हातून बाहेर गेलेली ती एकुलती एक बाटली.

मी केमिस्ट होतो तो दुसऱ्या प्रकारचा. रास अल खोरला, गॅरेजं आणि गोदामांच्या रांगेत एक खासगी प्रयोगशाळा होती. तिथे मी एकोणीस वर्षं काढली. लोक पाणी, पीठ, मसाले, वाळू, डिझेल, वाट्टेल ते घेऊन यायचे. त्यात काय आणि किती आहे ते आम्ही मोजायचो आणि कागदावर लिहून द्यायचो. सुरुवातीची काही वर्षं मी स्वतः मोजत असे. पुढे मला क्वालिटीचं काम दिलं, म्हणजे इतरांनी मोजलेलं बरोबर आहे की नाही ते बघायचं आणि रिपोर्टवर शेवटची सही करायची. बायको म्हणायची, "म्हणजे तुमच्या आवडीचंच काम मिळालं. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार." तिचं अगदीच चूक होतं असं नाही.

हे 'बघायचं' म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. आमटीची चव घेताना आपली जीभ साफ आहे असं आपण धरून चालतो. यंत्राच्या बाबतीत मी काहीच धरून चालत नसे. रोज सकाळी आधी त्यात नुसतं शुद्ध पाणी घालायचं. यंत्राने शून्य दाखवलं पाहिजे. याला आम्ही ब्लँक म्हणायचो. मग ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा विकत आणलेला सीलबंद नमुना घालायचा, मास्तर सोडवून ठेवलेलं गणित मुलाला घालतात तसा. त्यानंतर गिऱ्हाइकाचा नमुना, आणि तोच पुन्हा एकदा, दुसऱ्या माणसाच्या हातून. दोन्ही उत्तरं जुळली पाहिजेत. यातलं एक जरी फिसकटलं तरी त्या दिवसाचे सगळे आकडे रद्द. प्रयोगशाळेतली पोरं माझ्यामागे मला 'कॅन्सल साहेब' म्हणत. मला ते ठाऊक होतं आणि, खोटं कशाला बोलू, आवडतही होतं.

एकदा मिठाचा ब्लँक रोज दुपारी वर जायला लागला. सकाळी शून्य, दुपारी दोननंतर मीठ. तीन दिवस मी सगळ्यांना फैलावर घेतलं, बाटल्या बदलल्या, पाण्याचा फिल्टर बदलला. चौथ्या दिवशी शोध लागला. डब्यातलं कैरीचं लोणचं खाऊन, हात नुसते पाण्याखाली धरून काचेची भांडी हाताळणारा माणूस मीच होतो. मी ताबडतोब नोटीस लावली, 'जेवणानंतर हात साबणाने धुवावेत', आणि खाली स्वतःची सही केली. लोक ती सही वाचून हसत.

गिऱ्हाइकंही एकेक असत. अबू धाबीजवळच्या खलिफा सिटीहून एक स्थानिक आजोबा स्वतः गाडी चालवत मध घेऊन आले. आपला मध शुद्ध आहे असा कागद त्यांना नको होता, भावाचा मध भेसळीचा आहे असा हवा होता. भावाची बाटली मात्र आणली नव्हती. मी म्हटलं, नमुन्याशिवाय रिपोर्ट नाही. तिथल्या जुन्या लोकांना हिंदी छान यायची. म्हणाले, "तुम पहले लिखो. बोतल बाद में आएगा, इन्शाल्ला." चहा पिऊन, माझ्या खांद्यावर थाप मारून गेले. बाटली काही आली नाही.

पण एका गिऱ्हाइकाने मला चांगलंच शहाणं केलं. कामगारांच्या वसाहतीचं पाणी तपासायला एका कंत्राटदाराने स्वतःच बाटली भरून आणली. आकडे इतके सुंदर आले की मला संशय आला. पडताळून पाहिलं तर पाण्यातले क्षार कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या बाटलीबंद पाण्याशी तंतोतंत जुळत होते. त्या दिवशी मी नियम केला. यापुढे नमुना घ्यायला आपला माणूस जाईल, बाटली तोच भरेल, आणि भरताना गिऱ्हाईक त्या खोलीत असणार नाही. आमचे मॅनेजर डॉक्टर इद्रिस, सुदानचे, उंच आणि शांत माणूस, त्यांनी नियम वाचून मान डोलावली. त्या नियमाचा मला फार अभिमान होता. पुढची गोष्ट त्या अभिमानाची आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीचा एक ऑगस्ट. मोहनराव परब आणि त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी अल कुसैसच्या इंडस्ट्रियल भागात छोटं किचन चालवायचे. मूळचे कुडाळकडचे. गोदामांतल्या कामगारांना आणि एकट्या राहणाऱ्या नोकरदारांना दुपारचे डबे पुरवायचे. रांधणं वहिनींकडे, व्हॅन मोहनरावांकडे. आमची तोंडओळख मंडळाच्या गणपतीतली, तीही मुख्यतः वहिनींच्या मोदकांमुळे. किचनच्या परवान्याचं नूतनीकरण आलं होतं आणि त्याला पाण्याचा दाखला लागत होता. आमचा नमुने घेणारा माणूस शाजी गेला, बाटली भरून आणली, आणि पाण्यात शिसं निघालं. मर्यादेच्या दुपटीहून जास्त.

शिसं हा वाईट धातू. पोटात जातं ते साठून राहतं, आणि लहान मुलांना त्याचा त्रास जास्त. मी फाइल तपासली. ब्लँक शून्य, ठाऊक नमुना बरोबर, दोन माणसांची दोन उत्तरं जुळलेली. सही केली.

दुसऱ्या दिवशी मोहनराव तो कागद घेऊन हजर. "साहेब, काहीतरी मिस्टेक आहे. तेच पाणी आम्ही पितो. माझ्या दोन्ही पोरी शाळेतून तिकडेच येतात, तेच पितात."

"मोहनराव, म्हणूनच सांगतोय, पिऊ नका."

मी त्यांच्यापुढे फाइल उघडली आणि एकेक आकडा समजावून सांगितला. ते मान हलवत होते, पण बघत होते माझ्या तोंडाकडे. दाखला मिळाला नाही तर परवाना नाही, परवाना नाही तर दोघांचा व्हिसा नाही, कारण व्हिसा किचनच्याच नावावर होता. थोरली दहावीला होती. त्यातून जागेच्या मालकाच्या एजंटने हात झटकले होते. पाइप खराब असतील तर जागा सोडा, माझ्याकडे दुसरा भाडेकरू तयार आहे, असं तो सांगून गेला होता. दाखला द्यायला महिनाअखेरीपर्यंतची मुदत होती. तोवर शेगड्या बंद.

"एक वेळ परत टेस्ट करा, साहेब. प्लीज."

ओळखीपोटी मी हो म्हटलं. नियमात बसत होतं म्हणून म्हटलं, हेही खरं.

त्याच आठवड्यात माझा मेहुणा पुण्याहून आला. सकाळी अंघोळीला गेला आणि बाथरूममधून अशी किंकाळी आली की बायकोच्या हातातलं पातेलं पडलं. निळा नळ सोडून हात खाली धरला होता बिचाऱ्याने. माझा मुलगा दाराबाहेरून त्याला समजावत होता, "मामा, रेड इज कोल्ड अँड ब्लू इज हॉट. एव्हरीबडी नोज दॅट." तिथे पाण्याच्या टाक्या गच्चीवर, उन्हात. ऑगस्टमध्ये थंडाच्या नळाला चहा करण्याजोगं पाणी येतं. म्हणून एप्रिल आला की आम्ही गीझरचं बटण बंद करत असू. त्याच्या टाकीत साठलेलं पाणी एसीच्या गारव्यात निवायचं आणि उन्हाळाभर आम्ही गरमाचा, लाल खुणेचा नळ वापरायचो. मेहुणा हातावर बर्फ चोळत म्हणाला, "तुमच्याकडे सगळंच उलटं." आम्ही सगळे हसलो. मीही हसलो, आणि ऑफिसला गेलो.

ऑफिसात परबांच्या दुसऱ्या नमुन्याचा आकडा आला होता. पहिल्याला अगदी खेटून. आता इथे लिहायला लाज वाटते, पण मला तेव्हा बरं वाटलं. एका कुटुंबाचं किचन बंद पडत होतं आणि मला दोन आकडे जुळल्याचं समाधान झालं होतं.

मग वहिनी स्वतः आल्या. मोहनराव खाली व्हॅनमध्ये बसले होते, त्यांना वर यायचं धाडस होईना. वहिनी रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. पर्स मांडीवर घट्ट धरून म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या मशीनवर माझा विश्वास आहे. पण एकदा तुम्ही स्वतः या आणि तुमच्या हाताने पाणी घ्या. मग जे येईल ते मी मान्य करीन, आणि सामान बांधीन."

मी डॉक्टर इद्रिसना विचारलं. ते म्हणाले, "हबीबी, टू रिझल्ट्स आर सेम. खलास. हाउ मेनी टाइम्स यू विल मेझर?" माझंही तेच मत होतं. पण 'सामान बांधीन' हे शब्द वहिनींनी इतक्या साध्या आवाजात म्हटले होते की मला नाही म्हणता आलं नाही. तिथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून गुरुवारी अर्धा दिवस असायचा. दुपारी मी माझ्या गाडीने निघालो.

किचनमध्ये पाऊल टाकलं. मोठमोठी पातेली घासून पालथी घातलेली, शेगड्या कोरड्या, दोनेकशे डबे रॅकवर चकचकीत लावलेले. एका कोपऱ्यात धाकटी मुलगी अभ्यास करत बसली होती. मी बॅग उघडली, हातमोजे घातले आणि सवयीने म्हणालो, "वहिनी, नमुना घेताना तुम्हाला बाहेर थांबावं लागेल. नियम आहे."

"शाजीनेही दोन्ही वेळेला बाहेरच थांबवलं," त्या म्हणाल्या आणि मुलीला उठवू लागल्या.

बाहेर ऊन असं की पत्र्याला हात लावला तर कातडी सोलावी. त्यात या दोघींना उभं करायचं माझ्याच्याने होईना. म्हटलं, "बरं, दारातच थांबा. पण काही बोलू नका."

मी बाटलीचं झाकण काढलं, सिंकपाशी गेलो आणि नळ सोडला. छान गार पाणी आलं. बाटली खाली धरणार तोच मागून आवाज आला.

"अहो भाऊजी, त्या नळाचं कशाला घेताय?"

मी वळून बघितलं. बोलू नका म्हटलेलं विसरून वहिनी पुढे आल्या होत्या. "तो बॉयलरचा. त्याच्यात फक्त हात धुतो आम्ही. प्यायचं, रांधायचं सगळं ह्या निळ्या नळाचं. पिंपात काढून निववतो आणि मग वापरतो."

माझा हात अजून लाल नळावरच होता. कुणी सांगितलं नव्हतं, मी विचारही केला नव्हता. दहा वर्षांची सवय, हात आपोआप गेला होता. मी वर बघितलं. छताखाली आधीच्या भाडेकरूने लावलेला जुनाट बॉयलर होता, सांध्यांवर हिरवट चढलेला. एप्रिलपासून बंद. हात धुवायला वापरणार ते कितीसं पाणी, बाकीचं आत दिवसचे दिवस साठून राहत होतं, जुन्या पितळेत आणि सांध्यांवरच्या शिसं मिसळलेल्या डाकात. शिसं येईल नाही तर काय!

मी नळ बंद केला आणि रिकामी बाटली ओट्यावर ठेवून दिली. वहिनी घाबरल्या. "काय झालं? मी काही चुकीचं बोलले का?"

"नाही वहिनी. दोनदा तुम्हाला बाहेर उभं केलं, ते चुकलं."

मी दोन्ही नळांच्या दोन बाटल्या भरल्या. फॉर्मवर तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, सगळ्याला रकाने होते. नळ कोणता, याला रकाना नव्हता. मी पेनने तळाशी एक रेघ ओढली आणि फॉर्म वहिनींपुढे केला. म्हटलं, निळ्या नळाच्या बाटलीबद्दल तुम्हीच लिहा. त्यांनी ओढणीला हात पुसले, "मराठीत चालेल?" विचारलं, आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'आम्ही पितो तो नळ'. खाली सही केली, सौ. सुनंदा मोहन परब.

परत आल्यावर शाजीला बोलावलं. शाजी पंचेचाळिशीचा, केरळचा, सरळ माणूस. त्याने काही लपवलं नाही. "सर, नीला वाला में हाथ जलता है. बोतल भी नरम हो जाता है. गर्मी में मैं सब जगह लाल से लेता हूँ."

सब जगह. मी त्या उन्हाळ्यातले सगळे फॉर्म काढले. तापमानाच्या रकान्यात शाजीने इमानदारीने लिहिलेलं होतं, अठ्ठावीस, एकोणतीस, अठ्ठावीस. ऑगस्टमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी अठ्ठावीस डिग्री कसं असेल, हा प्रश्न कुणा शाळकरी पोरालाही पडला असता. माझ्या पोराला तर नक्कीच पडला असता. प्रत्येक फॉर्मच्या खाली माझी सही होती.

शाजीचा चेहरा उतरला होता. "सर, मेरा नौकरी जाएगा?"

"फॉर्म में पूछा ही नहीं था, शाजी," मी म्हटलं. "और फॉर्म मैंने बनाया था."

दोन दिवसांनी आकडे आले. लाल नळ, पहिल्या दोन नमुन्यांना खेटून. निळा नळ, मर्यादेच्या बराच खाली. यंत्र तिन्ही वेळा खरं बोललं होतं. आम्ही त्याला लोकांच्या पिण्याच्या पाण्याबद्दल विचारलंच नव्हतं. मी दोन्ही फॉर्म घेऊन डॉक्टर इद्रिसकडे गेलो आणि म्हटलं, परबांचे जुने रिपोर्ट मागे घ्यावे लागतील, आणि त्या उन्हाळ्यातले बाकीचेही. त्यांनी दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवून वाचले. एक रिपोर्ट मागे घेतला की लोक सगळ्यांबद्दल विचारू लागतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मग त्यांनी विचारलं, "युअर हाउस ऑल्सो, रेड टॅप?"

"येस, डॉक्टर."

"माइन ऑल्सो," ते म्हणाले, आणि पेन उघडलं. "यल्ला, गिव्ह मी द पेपर."

परबांना नवा दाखला मुदतीच्या चार दिवस आधी मिळाला. बॉयलर मोहनरावांनी स्वतः हातोडा घेऊन उतरवला. पहिल्या शेगडीचा भडका उडाला तेव्हा वहिनींनी ऑफिसात फोन केला. "भाऊजी, पेटवली," एवढंच म्हणाल्या, आणि मग रडल्या. त्या दुपारी माझ्या टेबलावर डबा आला. भात, सोलकढी, बटाट्याची भाजी. लोणचं नव्हतं, त्यावरून माझी कीर्ती तिथवर पोचली होती असं दिसतं.

बाकीच्या ठिकाणी शाजी आणि मी मिळून पुन्हा गेलो. बहुतेकांचं काही बिघडलं नव्हतं. लहान मुलांच्या एका नर्सरीने आमचा रिपोर्ट वाचून विनाकारण पाइप बदलून टाकले होते. तिथल्या बाई चिडल्या, ते रास्तच होतं. आणि एक कॅफेटेरिया होता, शारजाच्या हद्दीजवळ. चार टेबलं, चहा आणि पराठे. कुट्टी नावाचे एक वयस्क गृहस्थ चालवायचे. आम्ही गेलो तेव्हा शटरवर दुसरीच पाटी होती. शेजारचा शिंपी म्हणाला, पानी फेल हुआ ना, लाइसेन्स नहीं मिला. कुट्टी गावी निघून गेले होते. मी त्यांच्या केरळच्या पत्त्यावर पत्र पाठवलं, ते परत आलं. त्यांनी दुसऱ्यांदा तपासा असं म्हटलं नव्हतं. कागदावर यंत्राचा आकडा बघून त्यांनी मान खाली घातली असणार. माझ्या दारात येऊन 'तुम्ही स्वतः या' म्हणणारं त्यांच्याकडे कुणी नव्हतं. हे मला आजही छळतं.

नियम मी बदलला. नव्या फॉर्मवर एक रकाना वाढवला, पाणी वापरणाऱ्या माणसाने दाखवलेला नळ, आणि पुढे त्याची सही. गिऱ्हाईक आता खोलीत उभं राहू लागलं, आणि बाटलीत भलतंच पाणी ओतलं जाऊ नये म्हणून आमचा माणूस बाटली हातातून सोडेनासा झाला.

पुढच्या वर्षी बाहेरचे एक इंग्रज तपासनीस आले. प्रयोगशाळेची मान्यता त्यांच्या शेऱ्यांवर अवलंबून असायची आणि मी सात वर्षं एकही शेरा येऊ दिला नव्हता. ते आदल्या उन्हाळ्याच्या नमुन्यांच्या फॉर्मची फाइल चाळत बसले होते. एका पानावर थांबले. हाताने ओढलेली रेघ, खाली न समजणारी लिपी. हे काय, म्हणून विचारलं. मी वाचून दाखवलं आणि अर्थ सांगितला. ते सभ्यपणे म्हणाले, अर्थ ठीक आहे, पण ठरलेल्या रकान्याबाहेर, प्रयोगशाळेच्या भाषेत नसलेली नोंद, यावर मला शेरा लिहावा लागेल. मी म्हटलं, जरूर लिहा.

त्यांनी लिहिलं आणि पान उलटलं. पुढचा फॉर्म कुट्टींच्या कॅफेटेरियाचा होता. तारीख, वेळ, तापमान अठ्ठावीस, शाजीची सही, माझी सही. एकही रकाना रिकामा नव्हता, कुठे खाडाखोड नव्हती. त्यांनी चष्मा सारखा करून तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"धिस वन इज परफेक्ट," ते म्हणाले आणि कोपऱ्यात बरोबरची खूण करायला पेन टेकवलं.

"नाही सर," मी म्हटलं. "शेरा या पानावर लिहा."